अडीच महिने ताडपत्रीआड राहिलेलं रेडकू: नजर कच्ची राहते का?

जांबोटीकर: आमच्या खानापूर तालुक्यात झड लागली की गोठ्याला ताडपत्री. यंदाचं रेडकू जन्मल्यापासून अडीच महिने आतच, दाव्याला. गणपतीत बाहेर काढलं तर पन्हळीच्या सावलीपाशी चारी पाय रोवून उभं! मेंदूला दिसतं कसं हे शोधणाऱ्या ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलाची एक पापणी शिवली. दोन-तीन महिन्यांनी उघडली तर डोळा धड, पण मेंदू त्याला दाद देईना. मोठ्या मांजरावर तेच केलं, काही बिघडलं नाही. १९८१ च्या नोबेलमागं हेही काम होतं. ताडपत्री लावून आपण जनावराचा मेंदूच कच्चा ठेवतो, असं माझं म्हणणं.

निपाणीची माई: असं कसं ओ दादा? मांजराचं पिल्लू डोळे मिटून जन्मतं, रेडकू दोन-तीन तासांत आचळाला लागतं. दोघांना एका पंगतीत कशाला बसवता? आणि ताडपत्रीआड काळोख थोडाच असतो! सावलीला म्हातारी म्हैससुद्धा थबकते.

जांबोटीकर: थबकते, हुंगते, ओलांडते. हे अर्धा तास हललं नाही की.

चष्मेवाला, टिळकवाडी: उजेडाचं सोडा. १९६३ मध्ये हेल्ड आणि हाइन या संशोधकांनी मांजराची दोन पिलं एका दांड्याला जुंपली, घाण्याच्या बैलासारखी. एक चालायचं, दुसरं पाळण्यात बसून त्याच्यामागं फिरायचं. दिसायचं दोघांना सारखंच. पण उचलून टेबलाजवळ नेल्यावर चालणारं पाय पुढं टाकायचं, पाळण्यातलं टाकेना. दोन दिवस उजेडात मोकळं सोडलं, तेही सुधारलं. दादा, दोष असलाच तर दाव्याचा.

जांबोटीकर: शिवलेला डोळा कुठं असा दोन दिवसांत सुधारला?

चष्मेवाला, टिळकवाडी: तिथं भांडण दोन डोळ्यांचं. एक मिटला की उघडा डोळा मेंदूतली त्याची जागा बळकावतो, शेजाऱ्यानं बांध कोरावा तसा. दोन्ही शिवले तेव्हा नुकसान उलट कमी झालं. तुमच्या रेडकाचे दोन्ही डोळे उघडे होते.

जांबोटीकर: पटलं नाही अजून. पुढच्या पावसाळ्यात एकाच गोठ्यात एक रेडकू दाव्याला, एक मोकळं ठेवून बघतो.

निपाणीची माई: बघा की. मोकळ्यानं सगळं दूध पिऊन टाकलं की वहिनींना हेल्ड-हाइन तुम्हीच समजावून सांगा.