टेस्टर पेटतो, पण मिक्सर फिरत नाही: घरच्या प्लगचे अनुभव सांगा

रामबागची लेक
काल आईकडे चटणी वाटायला घेतली तर मिक्सर ढिम्म. दुसऱ्या खोलीत मात्र चालला. स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये टेस्टर घातला. उजव्या भोकात पेटला, आणि डाव्यातही पेटला! तेव्हा बाबांची फार आठवण आली. माळ्यावर त्यांचा टेस्ट लॅम्प अजून आहे. काळा होल्डर, ६० वॉटचा बल्ब, एक लाल वायर, एक काळी. ते नेहमी सांगायचे, टेस्टरला फक्त फेज (वीज आणणारी वायर) कळतो, न्यूट्रल (वीज परत नेणारी) आहे की नाही ते दिवाच सांगतो. उजव्या-डाव्या भोकांत लावला, पेटला नाही. उजव्यात आणि वरच्या अर्थिंगच्या भोकात लावला, लख्ख पेटला. म्हणजे न्यूट्रल तुटलेली. त्याच लाइनवरचा फ्रिजही गप्प होता, कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याचा प्लग काढला आणि डाव्या भोकातला टेस्टर विझला. फ्रिजमधून फिरून आलेला फेज होता तो. लगेच मेन बंद केलं. वायरमन उद्या येतोय. तुमच्याकडे असं काही झालंय का?

सुदामानगर
ताई, दूध नासलं असेल ना फ्रिजमधलं?

रामबागची लेक
हो, दोन लिटर. आईला फार वाईट वाटलं.

जुना वायरमन
बाबा अगदी बरोबर सांगायचे. पण ताई, ज्या घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे तिथे फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा लावू नका. ६० वॉटचा दिवा पाव अँपिअर खातो, सगळ्या घराची लाइट जाईल. तिथे मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर, घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आणि उघड्या टोकांच्या वायरी हातात धरू नका हो, खरंच सांगतो. आमचा एक सोबती त्यातच गेला.

मल्हारगंज
😔

नर्मदेचं पाणी
आमच्याकडे नर्मदेचं पाणी यायच्या दिवशी मोटर लावली की नळाला झिणझिण्या यायच्या. सासूबाई म्हणायच्या, ओल आहे म्हणून होतं. दोन वर्षं तसंच चाललं. मग भावजींनी मेन बंद करून सॉकेट उघडला, तर हिरवी वायर आत दुमडून ठेवलेली, कुठे जोडलेलीच नव्हती! तीन भोकं दिसतात म्हणून आपण धरून चालतो की अर्थिंग आहे. लहान मुलगा माझा त्याच नळाखाली आंघोळ करायचा. अजून अंगावर काटा येतो.

जुना वायरमन
वहिनी, थोडक्यात वाचलात. काही जण तर अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ वायरीच्या तुकड्याने जोडतात. मागच्या लाइनीत न्यूट्रल तुटली की मशीनच्या पत्र्यावर सरळ फेज येतो. असा तुकडा दिसला तर त्याच दिवशी काढून घ्या.

सुदामानगर
गीझरचं लिहायचं राहिलं. २००० वॉटचा, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. घरमालकांनी ६ अँपिअरच्या प्लगवर लावून दिलेला. हिवाळाभर कसला तरी जळका वास, आम्ही शेजारी काय करपलं ते विचारायचो. प्लग काढला तर पिन तपकिरी आणि सॉकेटचं एक भोक वितळून लांबोळं झालेलं. महारानी रोडवरून १६ चा सॉकेट आणला आणि वायरही जाड ओढून घेतली. नुसता सॉकेट बदलून भागत नाही. आता अर्ध्या तासाने प्लगवर उलटा हात ठेवून बघते, गरम लागतो का.

बडोद्याची सून
पोहे टाकलेत, घाईत लिहिते. टेस्टर आधी चालू असलेल्या प्लगमध्ये घालून बघत जा, मग संशयाच्या, मग परत चालू असलेल्यात. आमचा टेस्टरच बिघडलेला होता आणि दादा "लाइट नाही" म्हणून हात घालून बसला. भिंतीवर आपटला. वाचला, देवाची कृपा. दुपारच्या उन्हात तो बारीक उजेड दिसतही नाही, हाताचा आडोसा करा.

मल्हारगंज
बडोद्यात पोह्यांवर टाकायचा जिरावण मसाला मिळतो का?

बडोद्याची सून
कुठलं हो! माहेरून येताना अर्धा किलो आणते, चार महिने पुरवते.

मल्हारगंज
आमच्याकडची मंडळी पुढच्या आठवड्यात येतायत तिकडे, पाठवू का?

रामबागची लेक
वायरमन येऊन गेला. बोर्डामागे काळ्या वायरीचा स्क्रू सैल होऊन वायर जळून सुटली होती. स्वयंपाकघरातले सगळे स्क्रू आवळून घेतले, आता टेस्ट लॅम्प उजव्या-डाव्यात छान पेटतो. काका, मल्टीमीटर कितीपर्यंतचा घेऊ?

जुना वायरमन
साधा डिजिटल पुरे. फक्त डायल एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टवर ठेवून मगच पिना घाला, अँपिअरवर ठेवून कधीच नाही.

बडोद्याची सून
पाठवा ना! तिखट वालं.