फॅटी लिव्हर ग्रेड 2 आणि तीन पाळ्यांची नोकरी, खायचं काय?

सिडकोचा_सीएनसीवाला

मंडळी, वय 42. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) आहे, दर आठवड्याला पाळी बदलते. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2 आलं. लिव्हरची एन्झाइम्स एसजीपीटी 78 आणि एसजीओटी 52, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड 260, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए1सी 6.1, प्लेटलेट 2 लाख 40 हजार. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. उंची पाच फूट सहा इंच, वजन 84 किलो. दारू म्हणाल तर वर्षाकाठी एखादी बिअर, तीही कुणाच्या लग्नात. तरी नातेवाईक बाजूला घेऊन विचारतात, "आता खरं सांग."

डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा, तेलकट बंद, तीन महिन्यांनी या." मी पुढचं विचारेपर्यंत दुसरा पेशंट आत आला होता.

घरी आता तीन दवाखाने चालू आहेत. बायकोने तूप आणि अंडी बंद केली. आई सकाळी गुळवेलीचा काढा हातात देते. मेहुण्याने लिव्हर साफ करायच्या पावडरचा डबा आणून ठेवलाय, महागडा आहे म्हणून फेकवत नाही. ताटात राहिली उकडलेली दुधी आणि दोन फुलके. त्यावर रात्रपाळी निघत नाही हो. दोन वाजता पोटात आग पडते आणि मग जे समोर येईल ते खातो.

कुणी यातून गेलंय का? तूप खरंच सोडायचं का? द्राक्षांचा सीझन चालू आहे, ती खायची की नाही? कृपया फॉरवर्ड पाठवू नका, स्वतः केलेलं सांगा.

सातपूरचा_कॅन्टीनकाका

अरे बाबा, सातपूरच्या एका कारखान्याचं कॅन्टीन मी निवृत्त होईपर्यंत चालवलं. तू घरी काय खातोस ते मला माहीत नाही, पण पाळीत काय खातोस ते न विचारता सांगतो. पंचिंग झालं की चहा. मग दहाचा चहा, त्याच्याबरोबर बिस्किटं. जेवणात भात दोनदा, कारण पोळ्या गार झालेल्या असतात. साडेतीनचा चहा. ओव्हरटाइम असला की वडापाव, आणि सुपरवायझर खूश असला तर कोल्ड्रिंक. रात्रपाळीला यातला चहा दुप्पट करायचा. माझंही लिव्हर याच कॅन्टीनवर पोसलेलं, तुझ्यासारखंच ग्रेड 2.

आता हिशोब कर. आमच्याकडे कपाला दोन चमचे साखर पडायची, नाहीतर पोरं कप परत आणायची. असे सहा कप म्हणजे पन्नास ग्रॅमच्या वर साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे नुसत्या चहात तुझा दोन दिवसांचा कोटा संपला, कोल्ड्रिंक अजून बाकीच आहे. तुझ्या बायकोने काढून घेतलेलं तूप यापुढे काहीच नाही.

साखर अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं अंग वापरतं. फ्रुक्टोजचा निकाल मात्र बहुतेक करून लिव्हरलाच लावावा लागतो, आणि ते जास्त झालं की लिव्हर त्याची चरबी करून तिथेच साठवतं. न पिणाऱ्याला हा आजार होतो त्यातलं एक मोठं कारण हे. गूळ घातला तरी तेच, गुळातही मुख्यतः साखरच असते. उसाच्या रसाचं तर बोलायलाच नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की घरचं जेवण राहू दे, दोन जेवणांच्या मधलं खाणं बदल. दुधीवर कुणी आठ तास उभं राहू शकत नाही. भाकरी, उसळ, पालेभाजी, दही, सगळं खा. तूप वरणावर चमचाभर घेतलंस तर काही बिघडत नाही. अंडी उकडून खा, बलकासकट. खरं तेल लपलंय ते फरसाण, खारी, बटर, पॅटिस यांत.

मशीनच्या चहाची गंमत सांगतो. त्यातल्या प्रीमिक्समध्ये साखर आधीच मिसळलेली असते. कमी करायला बटण नसतं. त्यामुळे "मी वरून साखर घेत नाही" म्हणणारे लोक त्याच मशीनचे पाच कप पितात. तू थर्मास ने. बिनसाखरेचा चहा ने, किंवा काळी कॉफी. कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हर कडक होण्याचं प्रमाण कमी दिसतं असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, पण साखर-दूध घालून खीर केलीस तर तो फायदा विसर. आणि झोपायच्या आधीच्या चार-पाच तासांत कॉफी नको.

रात्रपाळीचं असं कर. जेवण घरून आठ-नऊला करूनच निघ. दोनच्या सुमाराला मुठीभर फुटाणे, एक-दोन उकडलेली अंडी, नाहीतर मोड आलेल्या मटकीत कांदा-लिंबू. डबा लॉकरमध्ये नको, मशीनजवळच्या कपाटात ठेव. कॅन्टीनपर्यंत चालत गेलास की संपलं, तिथे तळणीचा वास येतो. सकाळी घरी आल्यावर पोह्यांचं मोठं ताट खाऊन झोपायचं, हे मात्र बंद. थोडं खा आणि झोप.

रक्तातले_आकडे

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. औषध सांगणार नाही, आकड्यांबद्दल सांगते.

सोनोग्राफीतला ग्रेड बघून घाबरू नका आणि पुढे तो कमी झाला म्हणून नाचूही नका. तो बघणाऱ्याच्या नजरेवर बराच अवलंबून असतो. लिव्हरमध्ये किती चरबी आहे यापेक्षा लिव्हर कडक व्हायला लागलंय का, हा प्रश्न मोठा. त्यासाठी फिब-4 नावाचं साधं गणित आहे. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट हजारात गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तुमचे आकडे घालून मी केलं, 1.03 आलं. 1.3 च्या खाली असेल तर कडकपणा वाढलेला असण्याची शक्यता कमी. वर गेलं असतं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करायला सांगितलं असतं. तुमची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून एक-दोन वर्षांनी हे गणित पुन्हा करा आणि डॉक्टरांना दाखवा.

वजनाचं: पाच टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, सूज उतरायला सात ते दहा टक्के लागतात. तुमच्या 84 वर पाच टक्के म्हणजे चार किलोच्या थोडं वर, दहा टक्के म्हणजे साडेआठच्या आत. आठवड्याला अर्धा किलो पुरे. फक्त फळांवर राहून झटकन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होऊ शकतात, शिवाय लिव्हरवर उलटा ताण येऊ शकतो.

आता काढा. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले काही पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी तुमचं एसजीपीटी आधीच वाढलेलं आहे. काढा आणि पावडर चालू ठेवलीत तर पुढच्या तपासणीत आकडा कशामुळे हलला ते कुणालाच सांगता येणार नाही. आईंना हेच कारण सांगा, त्यांना पटेल. व्हिटॅमिन ई किंवा सरोग्लिटाझार कुणी सुचवलं तर तेही मेडिकलमधून परस्पर आणू नका, ती डॉक्टरांनी ठरवायची औषधं आहेत.

इंदिरानगरची_वहिनी

भाऊ, माझ्या मिस्टरांचं हेच होतं, म्हणून तुमच्या बायकोच्या बाजूने बोलते. तिच्यावर चिडू नका, घाबरून करतेय ती. पण एका माणसाचं वेगळं ताट कुठल्याच घरात टिकत नाही. आम्ही घराचंच बदललं. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, त्यात दिवाळीचा चिवडाही आला. ताटात अर्धी जागा भाजी आणि कोशिंबिरीला. नागलीची (नाचणीची) भाकरी सुरू केली तर सासरे "पौष्टिक आहे" म्हणून चार खायला लागले. ती पण मोजूनच खायची हो!

खरी गोची उपवासाची. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ स्टार्च, वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. आता थोडी भगर, दाण्याची पातळ आमटी, आणि काकडी-दही जास्त.

काकांचं एक मला पटलं नाही. चहा एकदम बिनसाखरेचा सगळ्यांना जमत नाही. यांनी आधी अर्धा चमचा केला, जिभेला सवय झाल्यावर सोडला.

आणि तुम्ही घोरता का? झोपेत श्वास अडकतो का? आमच्या डॉक्टरांनी हे मुद्दाम विचारलं होतं, कारण ते आणि फॅटी लिव्हर बऱ्याचदा बरोबर असतात.

सिडकोचा_सीएनसीवाला

सगळ्यांचे आभार. फिब-4 चं गणित मीही मोबाइलवर करून पाहिलं, तेवढंच आलं. पावडरच्या डब्यावर अकरा वनस्पतींची नावं आहेत, कशाचं प्रमाण किती ते लिहिलेलंच नाही. डबा बंद. घोरतो म्हणे, बायको हसत हसत हो म्हणाली, म्हणजे डॉक्टरांना सांगावं लागणार.

व्यायामाचं कुणी बोललं नाही. पाळी बदलते म्हणून जिमचे पैसे दोनदा वाया गेलेत. आणि द्राक्षं? आणि रविवारची मिसळ? पोरं ऐकत नाहीत.

सातपूरचा_कॅन्टीनकाका

जिम सोड. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकी. वजन हललं नाही तरी चालण्याने लिव्हरमधली चरबी कमी होते, म्हणून काट्यावर रुसून थांबू नकोस. तुला पाथर्डी फाटा जवळ, पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत. सकाळची पाळी असेल तेव्हा संध्याकाळी, दुसऱ्या पाळीला सकाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप आधी, मग जमेल तेवढं. घरी भिंतीला टेकून जोर मार, खुर्चीवरून ऊठबस कर, स्नायूही लागतात.

द्राक्षं वाटीभर खा, घडच्या घड नको. शंभर ग्रॅमला पंधरा-सोळा ग्रॅम साखर असते. रस काढायचा नाही. बेदाणे मात्र जपून, त्यात तेवढ्याच वजनाला साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि आपल्याकडे ते मुठीने खातात.

मिसळ महिन्यातून एखाद्या रविवारी जा की. मटकी जास्त घाल म्हणून सांग, ती चांगलीच आहे, प्रथिनं आणि फायबर दोन्ही. फरसाण वेगळ्या वाटीत मागव आणि चमचाभरच घाल. रस्सा मिनिटभर तसाच ठेव, तर्री वर येते, ती चमच्याने बाजूला काढ. पाव एक. कोल्ड्रिंकऐवजी ताक घे, आणि जिलेबीची प्लेट आली तर ती पोरांकडे सरकव.