बदल व्यवस्थापन हा मान्यताप्राप्त व्यवसाय व्हावा का? सोलापूरच्या कारखान्यांच्या निमित्ताने

चर्चाप्रस्ताव: मनुष्यबळ अधिकारी, चिंचोळी एमआयडीसी

सोलापुरात साध्या यंत्रमागांच्या जागी रेपियर माग (धोट्याविना चालणारे) येऊ लागले, छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणाऱ्या जकार्डच्या (नक्षी विणण्याच्या यंत्रणेच्या) जागी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले, हजेरी बोटाच्या ठशावर गेली आणि मालाचा हिशेब संगणकावर गेला. यंत्राची उभारणी पुरवठादार करून देतो, कर्जाचा प्रस्ताव सनदी लेखापाल तयार करतो, वीजजोडणी परवानाधारक ठेकेदार करतो. मात्र त्या यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची तयारी करून घेणे, म्हणजेच बदल व्यवस्थापन, हे काम नेमके कोणाचे, याचा उल्लेख कोणत्याही कागदावर नसतो.

मी पूर्वी नोकरीस असलेल्या एका टॉवेल कारखान्यातील प्रसंग सांगतो. नव्या मागांच्या पडद्यावरील सर्व सूचना इंग्रजीत होत्या. पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने दोन दिवस प्रात्यक्षिक दाखवले आणि तो पुढच्या गावी निघून गेला. त्यानंतर आमच्या जॉबरने (मागखात्यातील मुकादमाने) त्रुटींचे क्रमांक आणि त्यावरचे उपाय (ताणा तुटला, बाणा अडकला, ब्रेक तपासा) खडूने तेलुगूत मागाच्या चौकटीवर लिहून काढले, आणि पाळीतले सगळे त्या खडूवर काम करू लागले. पुढे बाहेरचे पाहुणे येणार म्हणून व्यवस्थापनाने चौकटी रंगवून घेतल्या. त्या आठवड्यात उत्पादन घसरले, तेव्हा शहराबाहेरून एक सल्लागार बोलावण्यात आला आणि त्याने दिलेल्या अहवालात ‘कामगारांचा बदलाला विरोध’ असे कारण नोंदवले गेले. त्या गृहस्थांची पात्रता काय, त्यांनी कोणती पद्धत वापरली आणि निदान चुकले तर त्यांना जाब कोण विचारणार, हे तिन्ही प्रश्न अनुत्तरित राहिले.

या क्षेत्रात मानके मुळीच नाहीत असे नाही. असोसिएशन ऑफ चेंज मॅनेजमेंट प्रोफेशनल्स या अमेरिकेतील संघटनेने २०१४ मध्ये एक मानक प्रसिद्ध केले. बदलाचा परिणाम आणि संस्थेची तयारी तपासणे, धोरण ठरवणे, आराखडा करणे, अंमलबजावणी करणे आणि काम पूर्ण करून सोपवणे असे पाच टप्पे त्यात आहेत. ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या चेंज मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटनेही आपली स्वतंत्र ज्ञानसंहिता तयार केली आहे. आपल्याकडे मात्र कोणीही व्हिजिटिंग कार्ड छापावे आणि सल्लागार व्हावे अशी स्थिती आहे. किमान पात्रता, नोंदवही आणि तक्रार ऐकणारी शिस्तपालन समिती या तीन गोष्टी असलेला मान्यताप्राप्त व्यवसाय म्हणून बदल व्यवस्थापन उभे राहिले पाहिजे, असे माझे मत आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

प्रतिसाद १: यंत्रमागधारक, अक्कलकोट रस्ता

साहेब, आपला प्रसंगच आपल्या प्रस्तावाच्या विरोधात जातो. आपल्या कारखान्यात बदल घडवून आणला तो जॉबरने, आणि त्याच्यापाशी कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. उद्या नोंदवही झाली तर तीत त्याचे नाव येणार नाही. ज्याने चुकीचा अहवाल दिला त्या सल्लागाराचे मात्र पहिल्या पानावर येईल, कारण परीक्षेची फी भरण्याची ऐपत त्याचीच. त्या अमेरिकी संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी जे प्रशिक्षण लागते ते २१ तासांचे आहे. आमच्याकडे नवा पोरगा कांडी भरायला शिकतो, त्यालाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसरे असे की चादर-टॉवेलच्या धंद्यात सुताचा भाव आणि विजेचे बिल भागवून जे उरते त्यात आणखी एका पगारदार माणसाला जागा नाही. आज ऐच्छिक म्हणून आलेले प्रमाणपत्र उद्या निविदेत अट म्हणून येते आणि परवा त्याचा निरीक्षक दारात उभा राहतो, हा अनुभव आम्ही इतर बाबतींत घेतलेला आहे.

प्रतिसाद २: निवृत्त कामगार अधिकारी

यंत्रमागधारक अण्णांच्या खर्चाच्या मुद्द्याशी मी सहमत नाही, पण प्रस्तावालाही माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे.

प्रस्तावकांनी असे गृहीत धरले आहे की कामावरील बदल हाताळण्याची रीत आपल्याकडे नव्हतीच. मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ सालचा आहे आणि कापड गिरण्यांना तो लागू होता. त्याच्या ४२व्या कलमात ‘बदलाची नोटीस’ हीच तरतूद आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे, चौथ्या अनुसूचीतील बाबींमध्ये बदल करायचा असेल तर बाधित कामगारांना आधी नोटीस द्यावी लागे आणि २१ दिवस उलटल्याशिवाय तो बदल अमलात आणता येत नसे. ज्याने कामगारकपात संभवते असे यंत्रांचे किंवा तंत्राचे सुसूत्रीकरण त्या अनुसूचीत स्पष्टपणे नमूद होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही २१ दिवसांची नोटीस ठेवलेली आहे. या रचनेत बदल हा दोन पक्षांतला व्यवहार होता आणि कामगार हा त्यातला एक पक्ष होता. आपल्या पाच टप्प्यांत मात्र तो पक्ष राहत नाही. त्याची ‘तयारी तपासली’ जाते. हा फरक मला मूलभूत वाटतो.

आता व्यवसायाविषयी. वैद्याचे कर्तव्य रुग्णाशी असते. हिशेबतपासनिसाला पैसे कंपनी देत असली तरी त्याचा अहवाल भागधारकांसाठी असतो, आणि त्यात कसूर झाली तर १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याखाली त्याच्यावर कारवाई होते. बदल व्यवस्थापकाचे कर्तव्य कोणाशी? त्याला नेमतो मालक, काम ठरवतो मालक आणि अहवालही वाचतो मालकच. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा व्यवहार नोंदवहीने बदलत नाही.

याचा दाखला जवळचाच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४९व्या कलमाने, जेथे ५०० किंवा अधिक कामगार आहेत तेथे कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. म्हणजे कायद्याने एक पेशा निर्माण केला, आणि त्याची पात्रता, कर्तव्ये व सेवाशर्ती ठरवण्याचे अधिकार राज्य सरकारांना दिले. या माणसाला संरक्षण लागेल हे सरकारलाही ठाऊक होते. पंजाबच्या १९५२ च्या नियमांत काढून टाकलेल्या कल्याण अधिकाऱ्याला राज्य सरकारकडे अपील करता येत असे, आणि त्यावरून एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एवढे करूनही माझ्या सेवाकाळात मी पाहिले ते असे की बहुतेक ठिकाणी कल्याण अधिकारी हा मालकाच्या वतीने आरोपपत्रे टंकित करून घेणारा अधिकारी झाला. सन्माननीय अपवाद होते, ते कारखान्यापेक्षा त्या व्यक्तींचे श्रेय होते.

जाता जाता आणखी एक. १८७७ साली सुरू झालेली आपली जुनी गिरणी किंवा पुढे बंद पडलेल्या इतर गिरण्या कामगारांनी बदल नाकारला म्हणून बुडाल्या, असे सांगणारे लोक मला या गावात नेहमी भेटतात. यंत्रांत वेळेवर भांडवल न घालण्याचा निर्णय कोणत्या खात्यातला कामगार घेत होता, एवढेच त्यांना विचारावे.

प्रतिसाद ३: व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापिका

मानके हवीत की नकोत यापूर्वी, मानकांत घालण्यासारखे खात्रीचे ज्ञान किती आहे हे पाहावे लागेल. ‘बदलाचे ७० टक्के प्रयत्न फसतात’ हे वाक्य या क्षेत्रातल्या जवळपास प्रत्येक सादरीकरणात असते. मार्क ह्यूज या अभ्यासकांनी २०११ मध्ये त्याचे उगम तपासले आणि त्यामागे विश्वासार्ह पुरावा नसल्याचे दाखवले. ज्या व्यवसायाला आपल्या आवडत्या आकड्याचा आधार देता येत नाही, त्याने परवान्याची भाषा बेताने करावी.

तथापि भक्कम कामही झालेले आहे, आणि गणवेश शिवणाऱ्या आपल्या शहराला ते विशेष जवळचे वाटावे. व्हर्जिनियातील मॅरियन येथे हारवूड ही पायजमे शिवणारी कंपनी होती. कामगार बहुतांशी स्त्रिया, मजुरी नगावर. काम बदलले की उत्पादन घसरे आणि पुष्कळजणी नोकरी सोडत. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाला बदल केवळ कळवला, एका गटाचे प्रतिनिधी चर्चेत घेतले आणि उरलेल्या गटांत सर्वांनाच नवी पद्धत ठरवण्यात सामील केले. पहिल्या गटाचे उत्पादन सावरले नाही आणि ४० दिवसांत त्यातील १७ टक्के कामगार सोडून गेले. सर्वांना सामील केलेले गट आधीच्या उत्पादनाच्याही पुढे गेले. येथे लक्षात घेण्याची बाब अशी की कंपनी काम बदलणाऱ्यांना आधीपासून विशेष भत्ता देत होती, आणि तरीही अडचण सुटलेली नव्हती.

परंतु हाच धागा धरून फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेतील एका पादत्राणांच्या कारखान्यात प्रयोग केला आणि १९६० मध्ये प्रसिद्ध केला. तेथे उत्पादनात लक्षणीय फरक दिसला नाही. तेथील कामगारांना अशी चर्चा संघटनेमार्फत होणे रास्त वाटत होते. व्यवस्थापनाने परस्पर बोलावलेल्या बैठका त्यांना तितक्या ग्राह्य वाटल्या नाहीत. म्हणजे निवृत्त अधिकाऱ्यांचा मुद्दा प्रयोगानेही पुढे आलेला आहे. एकच कृती सर्वत्र लागू करणारे मानक त्यामुळे धोक्याचे ठरते. कोणते प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही, एवढे सांगणारे मानक मात्र उपयोगी पडेल.

मान्यतेबाबत मधला मार्ग आहे. १९७२ चा वास्तुविशारद कायदा ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तीपुरती राखून ठेवतो. ते काम इतरांना बंद करत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्या धर्तीवर उपाधी राखली, तर अण्णा ज्याच्याविषयी बोलले त्या जॉबरचे काम कोणी हिरावून घेणार नाही.

प्रतिसाद ४: परिचारिका, खासगी रुग्णालय

मी प्रस्तावाच्या बाजूने आहे. आमच्याकडे रुग्णनोंदी संगणकावर नेल्या तेव्हा प्रशिक्षण दिवसपाळीच्या वेळेत ठेवले होते, त्यामुळे रात्रपाळीवाल्यांनी ते झोप मोडून केले. कागदी तक्ताही बंद झाला नाही, कारण काही डॉक्टरांना तो हवा होता; म्हणून आम्ही महिनोन्महिने एकच नाडी दोनदा लिहिली. अशी जादा कामे कोणती आणि ती कधी बंद होणार, हे आधी लिहून देण्याचे बंधन कोणावर तरी असते तर बरे झाले असते. ते बंधन कायद्याने यावे की संघटनेच्या नियमाने, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही.

प्रतिसाद ५: प्रस्तावक

२१ तासांवरील टीका अर्धीच खरी आहे. त्या प्रमाणपत्रासाठी प्रशिक्षणाबरोबर काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आणि परीक्षाही लागते. उपाधी राखण्याची मॅडमची सूचना मला परवान्यापेक्षा अधिक योग्य वाटते, आणि जॉबरांना प्रमाणित करण्यासाठी परीक्षा मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये, कामावरच्या प्रात्यक्षिकाने घेता येईल, अशी त्यात माझी भर आहे.

निवृत्त साहेबांच्या आक्षेपाला उत्तर देणे अधिक कठीण आहे. कल्याण अधिकाऱ्याचे झाले ते मी नाकारत नाही. पण त्या अपयशातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. कल्याण अधिकाऱ्याला कायदा होता, संरक्षण होते, परंतु त्याच्या पेशातल्या लोकांनी एकमेकांचे काम तपासण्याची आणि कसूर करणाऱ्याची नोंद रद्द करण्याची सवय कधी लावून घेतली नाही. शिवाय नोटीस काय सांगते? काय बदलणार ते सांगते. तो बदल शिकताना नगावर काम करणाऱ्याची मजुरी घटली तर ती कोण भरून देणार आणि कामाची जुनी पद्धत कोणत्या तारखेला संपणार, यातले काहीही ती सांगत नाही. छोट्या कारखान्यांत, जेथे संघटनाच नाही, तेथे त्या नोटिशीची विचारपूस करायलाही कोणी नसते. म्हणून माझा सुधारित मसुदा असा: नोंदणीकृत व्यक्तीने परिणामांचा अहवाल स्वतःच्या सहीने द्यावा, त्यात शिकण्याच्या काळातील मजुरीची व्यवस्था लिहावी, आणि तो अहवाल बाधितांना दाखवण्यास मालकाने मनाई केली तर काम सोडावे. हे शेवटचे कलम न पाळणाऱ्याचे नाव वगळावे.

प्रतिसाद ६: निवृत्त कामगार अधिकारी

काम सोडण्याचे कलम प्रामाणिकपणे ठेवणार असाल तर मी मसुदा वाचण्यास तयार आहे. पण ‘दाखवणे’ पुरेसे नाही. अहवाल बदलाच्या नोटिशीसोबत फलकावर लागला पाहिजे, कामगारांच्या भाषेत, आणि सही करणाऱ्याने खात्यात येऊन त्यावरचे प्रश्न घेतले पाहिजेत. शिस्तपालन समितीत निम्मी माणसे कामगारांच्या बाजूची असावीत. हे नसेल तर माझा विरोध कायम आहे असे समजावे.

प्रतिसाद ७: यंत्रमागधारक, अक्कलकोट रस्ता

शिकण्याच्या काळातील मजुरीची तजवीज यंत्राच्या कर्जप्रस्तावातच खर्चाची बाब म्हणून धरता आली, आणि बँकेने ती मान्य केली, तर मला हरकत नाही; माझ्या खिशातून म्हणाल तर जमणार नाही. समितीतील निम्म्या जागांविषयी मी आमच्या लोकांशी बोलल्याशिवाय काही लिहीत नाही. फलकाबद्दल मात्र अडचण सांगतो. अहवाल खात्यात लागला की मी कोणता माग घेतो आणि किती घेतो, हे संध्याकाळपर्यंत समोरच्या कारखान्याला कळते. तेव्हा यंत्राचे नाव, संख्या आणि किंमत वगळून केवळ कामाच्या जागा, पाळ्या, मजुरी आणि तारखा एवढेच लावायचे, असे दुरुस्त करून पाठवा.