४३०० मीटरवर दगडाखाली सापडलेला काळा भुंगेरा: नवीन स्पीशीज म्हणून डिस्क्राइब कसा करायचा?

दगड_उलटणारा

नमस्कार मंडळी. गेले दोन सीझन ४३०० मीटरच्या आसपास कीटक गोळा करायला जातोय. तिथे झाड नावाला नाही, नुसतं खुरटं गवत, वारा आणि दगड. दगड उलटला की खाली हे काळेकुट्ट भुंगेरे, ११ मिमीच्या आसपास, उडत नाहीत, पळतातही सावकाश. आधी मला ग्राउंड बीटल वाटले होते, पण टार्ससचे, म्हणजे पायाच्या शेवटच्या टोकाचे, भाग मोजले तर पुढच्या आणि मधल्या पायांना ५-५ आणि मागच्याला ४, अँटेनाचं मूळ डोक्याच्या कडेखाली लपलेलं, म्हणजे डार्कलिंग बीटलच्या फॅमिलीतलेच. नरांचे पुढचे टार्सस चांगलेच रुंद आहेत त्यामुळे मी प्लॅटिसेलिस या जीनसच्या (जवळच्या स्पीशीजच्या गटाच्या) जवळपास धरून चाललोय.

माझ्याकडे ६ आहेत, ४ नर आणि २ माद्या. आयडेंटिफिकेशन की (एकेक लक्षण निवडत नावापर्यंत नेणारा तक्ता) तीन वेळा चालवून बघितली, दरवेळी शेवटच्या टप्प्यात येऊन अडकतो, कशातच बसत नाही. हा नवीन असू शकतो का? असेल तर सुरुवात कुठून करू? फोटोवरून तर या गटातले सगळे सारखेच दिसतात.

जुना_पिनवाला

आधी अभिनंदन, टार्सस मोजून फॅमिलीपर्यंत आलात हे बरंच झालं, पुष्कळ जण तिथेच चुकतात.

पण कीमध्ये बसत नाही म्हणजे नवीन आहे असं नाही हो. की ज्या वर्षी लिहिली तेव्हा लेखकासमोर जे होतं तेवढंच तिच्यात असतं. या फॅमिलीत आज ३०,००० च्या वर स्पीशीज आहेत आणि त्यातली कितीतरी नावं १०० वर्षांपूर्वीच्या जर्मन किंवा लॅटिनमधल्या चार ओळींच्या वर्णनावर उभी आहेत, चित्र नाही काही नाही. आता बघा, १८७३-७४ च्या मध्य आशियातल्या दुसऱ्या यारकंद मोहिमेत निसर्गतज्ज्ञ फर्डिनांड स्टोलिझ्का भुंगेरेही गोळा करत होते, परतताना १८७४ मध्ये लडाखमध्ये ते वारले, आणि त्यांच्या मालातल्या या गटावर फ्रेडरिक बेट्स यांनी १८७९ मध्ये लिहिलं. तुमचा भुंगेरा कदाचित अशाच एखाद्या जुन्या पानावर नाव घेऊन बसलेला असेल. म्हणून त्या भागातून आणि शेजारच्या डोंगररांगांतून त्या जीनसची जेवढी नावं आहेत तेवढ्यांची यादी करा, सिनोनिम झालेली (त्याच स्पीशीजची जादा ठरलेली नावं) पण घ्या, आणि प्रत्येकाचं मूळ वर्णन मिळवा. जी दोन-तीन जवळची वाटतील त्यांचे टाइप, म्हणजे ज्यांच्यावरून नाव दिलं ते मूळ नमुने, बघायलाच लागतात. म्युझियमला नीट पत्र लिहिलं तर टाइपचे फोटो बऱ्याचदा मिळतात. आशियातल्या डार्कलिंगसाठी बुडापेस्टचं म्युझियम फार महत्त्वाचं, झोल्तान कासाब आयुष्यभर तिथेच या फॅमिलीवर काम करत होते.

हे काम कंटाळवाणं आहे, पण खरी डिस्कव्हरी इथेच होते असं माझं ठाम मत आहे.

ग्लिसरीन

नर उघडलेत का? नसतील तर बाहेरून कितीही बघा, उपयोग कमी. उंचावरच्या या भुंगेऱ्यांना उडायचे पंख नाहीत, एलिट्रा (पाठीवरची दोन कडक झाकणं) मधोमध जुळून एकच कवच झालेलं असतं, त्यामुळे एका खिंडीतले दुसऱ्या खिंडीत जात नाहीत आणि वेगवेगळ्या स्पीशीज तयार होत जातात. पण राहणी सगळ्यांची तीच, दगडाखालची, म्हणून बाहेरून सगळे एकसारखे. फरक एडीगसमध्ये, म्हणजे नराच्या जननेंद्रियात, दिसतो.

मी असं करते: वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ होईपर्यंत ठेवायचा, घाई केली की पाय गळून पडतात. मग बारीक पिनेचं टोक वाकवून हूक करायचा, पोटाच्या शेवटच्या प्लेटच्या फटीतून आत घालून अलगद ओढायचं. सुरुवातीला तपकिरी चिंधीसारखं काहीतरी बाहेर येतं, ते घाबरून फेकू नका, एडीगस त्याच्याच आत आहे. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये काही तास, अधूनमधून बघत राहायचं, स्नायू विरघळले की पाण्यात धुवून ग्लिसरीनच्या थेंबात. आता पॅरामेअरची (एडीगसच्या टोकाकडच्या भागाची) टोकं दिसतील, वरून पण बघा आणि कडेने पण, कारण कधीकधी वरून दोन स्पीशीज अगदी सारख्या आणि कडेने एकीचं टोक खाली वाकलेलं असतं. मी एकदा रात्रभर द्रावणात विसरले, सकाळी काचेसारखं पारदर्शक आणि लिबलिबीत झालेलं, आणि तो माझ्याकडचा एकुलता एक नर होता. अजून वाईट वाटतं.

झालं की ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत घालून त्याच भुंगेऱ्याच्या पिनेला लावून ठेवा, वेगळ्या डबीत नको. आणि पुढच्या वेळी एक-दोन नमुने थेट ९६ टक्के अल्कोहोलमध्ये टाका, डीएनए करायचा झाला तर सीओआय या जीनचा, जो ओळख पटवायला वापरतात, ६५८ बेसचा तुकडा त्यातून मिळेल. पण नुसत्या डीएनएवर नवीन म्हणू नका, एडीगस आणि बाहेरची लक्षणं तेच सांगतायत का ते बघा.

लेबल_आधी

नियमांचं मी सांगतो. प्राण्यांच्या नावांचा सध्याचा कोड १ जानेवारी २००० पासून लागू आहे. त्याप्रमाणे टाइप स्पष्ट नेमावा लागतो, शक्यतो होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्यावर टिकतं तो एकच नमुना, आणि तो कुठल्या कलेक्शनमध्ये ठेवणार तेही पेपरमध्येच लिहावं लागतं. त्याच्यासोबतचे बाकीचे नमुने पॅराटाइप. वर्णनात जवळच्या स्पीशीजपासून हा कशाने वेगळा हे शब्दांत यायलाच हवं, फक्त फोटो चालत नाहीत. जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत रजिस्ट्रेशन आणि तो नंबर पेपरमध्ये छापलेला हवा, २०१२ पासून तसा नियम आहे.

नावाचं म्हणाल तर लॅटिन विशेषण घेतलंत तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं, प्लॅटिसेलिस स्त्रीलिंगी आहे म्हणजे अल्पिना, अल्पिनस नाही, आणि उद्या कोणी जीनस बदलला तर शेवटही बदलतो. त्याच जीनसमध्ये ते नाव आधी वापरलेलं नाही ना तेही बघा. आणि कृपा करून ठरवलेलं नाव पेपर येईपर्यंत कुठेही टाकू नका, इथेसुद्धा. फोरमवरच्या पोस्टने नाव वैध होत नाही, नुसता गोंधळ मात्र मागे राहतो.

दगड_उलटणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितलं तसं चारही नर उघडले, पहिल्याला अख्खी दुपार गेली. आता एक वेगळाच प्रश्न. तीन नरांचे पॅरामेअर टोकाला हळूहळू निमुळते होतात, चौथ्याचे टोकाच्या आधी एकदम आत दबलेत. तो चौथा खिंडीच्या पलीकडच्या उतारावरचा आहे, बाहेरून काडीचा फरक नाही. आता काय करू?

जुना_पिनवाला

त्याला पॅराटाइपमध्ये अजिबात घेऊ नका. होलोटाइप त्या तिघांतला निवडा, ज्याचे अँटेना आणि सगळे टार्सस शाबूत असतील तो. माद्या कुठल्या उतारावरच्या आहेत ते डायरीत बघा, पलीकडची एखादी असेल तर तीही बाजूला ठेवा. चौथ्याच्या लेबलवर खिंडीची बाजू, उंची, तारीख आजच लिहा. एका नमुन्यावरून ती दुसरी स्पीशीज आहे की असाच एखादा वेगळा निघालेला नर आहे हे कोणीच सांगू शकणार नाही, पलीकडून अजून ५-६ नर तरी हवेत. पुढचा सीझन त्याच उतारावर काढा.

ग्लिसरीन

आणि जमलं तर चौथ्याचा कडेने काढलेला फोटो इथे टाका. मला बघायचाच आहे.