नवख्याने आधी ड्राय करावं की छर्रे मारावेत?

तापीकाठ (जळगाव)
१० मीटर एअर पिस्तूल शिकायला लागून अडीच महिने झाले. सरांनी पहिले सहा आठवडे छर्ऱ्याला हात लावू दिला नाही. समोर पांढरी भिंत, हातात रिकामं पिस्तूल, रोज तासभर नुसता ट्रिगर ओढायचा. यालाच ड्राय म्हणतात. सोबतची तीन पोरं कंटाळून सोडून गेली. मी टिकलो, आणि माझं ठाम मत झालंय की आधी ड्रायच हवं.

कारण साधं आहे. पुढची साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) मागच्या साईटच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा जवळपास तीन सेंटिमीटर भरकटतो. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे गुण थेट सातवर येतात. उलट साईट जुळलेल्या ठेवून अख्खा हात तेवढाच हलला, तर छर्राही मिलिमीटरभरच हलतो. हात सगळ्यांचाच हलतो. घोळ होतो तो बोट ओढताना, आणि भिंतीसमोर तो लगेच दिसतो, कारण तिथे डोळा टार्गेटकडे पळत नाही.

पांझरेवरून (धुळे)
भाऊ, ती तीन पोरं गेली ना, तिथेच मला हे पटत नाही. कोल्हापूरकडे राही सरनोबत आहे, तेजस्विनी सावंत आहे, स्वप्नील कुसाळे आहे, सगळे नावाजलेले नेमबाज. तिथल्या पोराला कंटाळा आला तरी समोर कुणीतरी दिसतं. आपल्या खान्देशात रेंजपर्यंत येणारी पोरंच मोजकी, त्यांना सहा आठवडे भिंत दाखवायची?

दुसरं, माझ्या मुलीचं ड्राय अगदी स्वच्छ होतं. साईट जागची हलत नव्हती. पहिल्यांदा छर्रा भरला आणि ट्रिगर सुटायच्या आतच तिने मनगट खाली दाबलं. सगळे छर्रे खाली डावीकडे. रिकाम्या पिस्तुलाला ती बिचकतच नव्हती, मग खोड कळणार कशी? पहिल्याच आठवड्यात रोज वीस छर्रे द्या, बाकी वेळ ड्राय करा.

यावलकर
दोघांच्या वादात एक गोष्ट राहिली. स्प्रिंगचं साधं पिस्तूल छर्ऱ्याशिवाय उडवू नका, पिस्टन आपटून सील जातं. स्पर्धेच्या पिस्तुलात ड्रायची वेगळी सोय असते. आणि ड्राय असलं तरी आधी नळी रिकामी आहे का ते स्वतः बघा, रोज.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तळहाताला घाम येऊन ग्रिप सरकते, ते वेगळंच. मी दर छर्ऱ्याला हात पुसतो.

तापीकाठ (जळगाव)
यावलकर, स्प्रिंगचं मी लिहायलाच हवं होतं.

धुळेकर दादा, बिचकण्याचा मुद्दा मान्य. काल सरांना सांगून करून पाहिलं. सर पाठमोरे होऊन कधी छर्रा भरायचे, कधी ड्रायवर ठेवायचे, आणि पिस्तूल माझ्या हातात द्यायचे. दहापैकी चार वेळा ते ड्रायवर होतं, आणि त्यातल्या तीन वेळा पुढची साईट खाली गेलेली मला स्वच्छ दिसली. सहा आठवडे ड्राय करूनही!

तरी रोज वीस छर्रे पहिल्याच आठवड्यात, हे मला पटत नाही. पोरगं गुण मोजायला लागतं. साईट डळमळते आहे हे दिसूनही हात खाली घेत नाही, ओढून टाकतं. सामन्यात ६० छर्ऱ्यांना ७५ मिनिटं असतात, हात खाली घेऊन पुन्हा उचलायला वेळ भरपूर आहे. ती सवय मला भिंतीनेच लावली.

पांझरेवरून (धुळे)
मग पहिले काही दिवस छर्रे कोऱ्या कागदावर मारू द्या. गुणच नाहीत तर मोजणार काय? मुलीला रविवारी तेच करायला लावतो.