तडा मिरवला की तो सुंदर होतो का? पणजीतील एका आंतरराष्ट्रीय चित्रप्रदर्शनाच्या निमित्ताने

कावीरंग

ओळख, सौंदर्य आणि अपूर्णता या विषयावर निरनिराळ्या देशांतील कलावंतांनी मिळून मांडलेले एक प्रदर्शन नुकतेच पणजीत पाहिले. दोन तास थांबूनही मन भरले नाही. ते का, हे नीट मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

दालनाच्या मधोमध काळ्या कापडावर सोनेरी रेषांनी सांधलेला एक वाडगा ठेवला होता. जपानी किन्त्सुगीचा तो प्रकार. जवळून पाहिल्यावर तडे इतके सरळ आणि सारख्या अंतरावर दिसले, की वाडगा मुद्दाम फोडला असावा अशी शंका आली. खऱ्या किन्त्सुगीत उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने तुकडे जोडतात आणि सांध्यावर सोन्याची पूड बसवतात. हा चीक दमट हवेतच घट्ट होतो (आपल्या आषाढात तो सुखाने घट्ट झाला असता), आणि या कामाला कित्येक आठवडे लागतात. वापरातले भांडे हातून पडले, ते टाकवेना म्हणून जोडले, यात त्या कलेचा जीव आहे. आधी भांडे फोडायचे आणि मग अपूर्णतेचे गोडवे गायचे, ही मला फसवणूक वाटते.

आपल्या कावी चित्रांकडे पाहा. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करतात. एकदा ओढलेली रेघ पुसता येत नाही. जुन्या देवळाच्या भिंतीवरील वेल वाकून पाहिली, तर एखाद्या पानाची कड घसरलेली सापडते. कारागिराने ती लपवलेली नसते आणि मिरवलेलीही नसते. अपूर्णता सुंदर ठरायची असेल, तर ती पूर्णत्वासाठी झटताना राहून गेलेली असावी, असे माझे ठाम मत आहे.

मांडवीकाठ

वाडग्याविषयी आपले म्हणणे मान्य आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मुळीच पटत नाही. माझ्या चेहऱ्यावर आणि हातांवर बाराव्या वर्षापासून कोड आहे. ते कशासाठी झटताना राहून गेले, हे मी कसे सांगावे? त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झाल्याने हे डाग पडतात आणि ते स्पर्शाने पसरत नाहीत, हे ठाऊक असलेली माणसेही हळदीकुंकवाला माझ्यापुढे हात करताना क्षणभर थबकलेली मी पाहिली आहेत.

त्याच प्रदर्शनात उजवीकडच्या भिंतीवर कोड असलेल्या एका बाईचे मोठे छायाचित्र होते. उजेड एका बाजूने घेतल्यामुळे ओठाजवळच्या पांढऱ्या डागाची कड, ओहोटीला ओल्या वाळूवर राहते तशी, स्पष्ट उमटली होती. डाग झाकलेला नव्हता आणि ती सरळ समोर पाहत होती. मी पन्नाशी ओलांडली आहे. असा चेहरा एवढ्या आदराने भिंतीवर लावलेला मी प्रथमच पाहिला. आपण त्याविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही.

दीपमाळ

धागाकर्त्यांशी मी सहमत आहे. खंडित मूर्ती आपण पूजत नाही, तिचे विसर्जन करतो. पूर्णत्वाची ओढ आपल्या रक्तातच आहे, तेव्हा भंगाला भंग म्हणण्यात कमीपणा कसला?

माटोळी

दीपमाळ, चवथीला आपण ज्याची आरती करतो तो एकदंत आहे. चिकणमातीची मूर्ती घडवणारा कारागीर एक दात तुटकाच ठेवतो आणि त्या मूर्तीला कोणी खंडित म्हणत नाही. उणीव कोणती, हे पाहणारे ठरवतात. आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या गोव्यातील सांत इश्तेव गावच्या चित्रकाराने साडी नेसलेली, भारतीय चेहऱ्याची येशूची आई मरिया रंगवली, तेव्हा गोव्यात त्यांच्यावर टीका झाली आणि पुढे त्यांनी पुण्यात वास्तव्य केले. साडी आणि सावळा वर्ण हे त्या काळी अनेकांना व्यंग वाटले होते.

कावीरंग

मांडवीकाठ, आपला आक्षेप खरा आहे. त्या छायाचित्रासमोर मी पुरेसा थांबलो नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो. मात्र त्यामुळे माझी तक्रार वाढली आहे. मुद्दाम फोडलेला वाडगा आणि ती बाई या दोघांना आयोजकांनी ‘अपूर्णता’ या एकाच फलकाखाली का आणावे? तिच्यात अपूर्ण असे काय आहे? तो शब्द तिथून काढावा, असे मी दालनातील अभिप्रायवहीत लिहिणार आहे.

मांडवीकाठ

कृपया तसे लिहू नका. हा शब्द माझ्याविषयी चाळीस वर्षे माझ्या पाठीमागे वापरला गेला. त्या चेहऱ्याच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत, तो मला प्रथमच समोरून वाचता आला आणि तिथे तो खोटा दिसत होता. फलक राहू द्या. हलवायचाच असेल तर तो वाडगा हलवा.