अनुभव धागा: कॉलेज करता करता तरुण संघात काय शिकलात?

मंडळी, सगळ्यांना जय ख्रिस्त आणि नमस्कार.

नोव्हेंबर सरत आला की आपल्या चर्चमधल्या तरुण संघांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोनच विषय असतात: कॅरलची, म्हणजे नाताळच्या गाण्यांची तालीम आणि सेमिस्टरची परीक्षा. दोन्ही एकाच सुमाराला येतात आणि दोन्हींना तीच मुलं लागतात. संडे स्कूलमध्ये शिकवणारी, गिटार वाजवणारी, शिबिराच्या बसमध्ये डोकी मोजणारी ही पोरं स्वतःच अजून शिकत असतात. हे काम त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. पास्टर किंवा फादर म्हणतात, "तू घे रे जरा," आणि झालं.

ठाणे आणि नवी मुंबईत विद्यार्थी असताना ज्यांनी तरुणांमध्ये सेवा केली त्यांनी इथे लिहावं. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकोस्टल, घरगुती प्रार्थना गट, सगळे चालतील. विनंती एकच: "प्रभूने खूप वापरून घेतलं" एवढ्यावर थांबू नका, ते आपण साक्षीच्या वेळी ऐकतोच. नेमकं काय कळलं ते सांगा. माणसांची नावं नकोत.

ऐरोली, तेव्हा इंजिनिअरिंगला

आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, बहुतेक घरं नगर, श्रीरामपूर, जालन्याकडून आलेली. आईवडिलांची पिढी पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची गीतं म्हणत वाढली. आम्ही पोरं मात्र नवी मुंबईची. शाळेत शेजारी मल्याळी, मागे तमिळ, पुढे पंजाबी. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि इथं सगळ्या देशातून माणूस येऊन राहिला, त्यामुळे आमच्या संघाची भाषा आपोआप हिंदी झाली. गाणी हिंदी, प्रार्थना हिंदी, भांडण मराठीत.

ज्येष्ठ मंडळींचा आमच्या गाण्यांवर कायम रोष. कमिटीत त्यावर चर्चा व्हायची ती "मराठी वाचली पाहिजे" या थाटात. शेवटी मी एका काकांच्या शेजारी जाऊन बसलो. ते ढोलकी वाजवायचे. त्यांना सरळ विचारलं, नक्की काय खटकतं? ते म्हणाले, "बाळा, गाणं कुठलंही म्हणा. तो ड्रम माझ्या कानाशी आहे." आम्ही ड्रम भिंतीकडे सरकवला. तक्रारी निम्म्याने कमी झाल्या. पुढे काकांनीच आमच्यातल्या दोघांना ढोलकी शिकवली आणि टिळकांच्या अभंगाच्या चालीतली दोन गीतं आमच्या यादीत आली. ती आजही संघ म्हणतो. कमिटीतल्या भाषणांनी यातलं काही झालं नसतं.

ठाणे, तलावपाळीजवळ, तेव्हा बी.ए. इतिहास

माझा अनुभव एका नाटकाचा आहे, जरा लांबेल.

ठाण्यात १३२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सिस्कन या कॅथलिक साधूंच्या संघातले चार ब्रदर मारले गेले: थॉमस, जेम्स, डेमेट्रियस आणि पीटर. पोर्तुगीज इथे यायच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे काही वर्षांनी ओडोरिक नावाचा त्यांच्याच संघाचा प्रवासी इथे आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि थेट चीनला नेल्या. आमच्या युथने यावर छोटं नाटक करायचं ठरवलं. मी इतिहासाची, म्हणून लिखाण माझ्याकडे.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी: चार संत आले, काझीपुढे त्यांनी श्रद्धेची साक्ष दिली, शहीद झाले. पण ओडोरिकने सांगितलेली हकिगत वाचली तर तिची सुरुवात वेगळीच आहे. हे चौघं एका नेस्टोरियन (पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. त्या घरात नवऱ्याने बायकोला मारलं. ती काझीकडे दाद मागायला गेली. काझीने विचारलं, साक्षीदार कोण? ती म्हणाली, आमच्या घरी फिरंगी साधू राहतात, त्यांनी पाहिलंय. त्यातून त्या चौघांना बोलावणं आलं आणि पुढचं सगळं घडलं.

तालमीत हे वाचून दाखवलं तेव्हा अकरावीतल्या मुली एकदम गप्प झाल्या. मग एक म्हणाली, "म्हणजे ख्रिस्ती घरातच मारहाण चालली होती, आणि ते कधीच कोणी सांगितलं नाही?" त्या संध्याकाळी तालीम झालीच नाही. कोणाच्या आत्याचं, कोणाच्या शेजारणीचं, एकीचं स्वतःच्या घरचं, असं बाहेर येत गेलं. आम्ही नाटक त्या बाईपासून सुरू केलं. काहींना रुचलं नाही. "संतांच्या नाटकात हे कशाला?" फादर म्हणाले, "हकिगतीत आहे ना? मग राहू द्या."

दुसरा प्रश्न काझीचा. आमची ध्वनियोजना करणारा मित्र राबोडीचा, मुसलमान. काझीला डोळे वटारणारा खलनायक करायचं पोरांच्या डोक्यात होतं. त्याच्यासमोर तालीम करताना ते पोरांनाच जड जायला लागलं. कोणी कोणाला उपदेश केला नाही. मी पुन्हा वाचलं तेव्हा सापडलं की त्याच हकिगतीप्रमाणे दिल्लीच्या सुलतानाने नंतर त्या चौघांना मारायला लावणाऱ्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला मृत्युदंड दिला. म्हणजे निवाडा करणारा आणि त्या निवाड्याची शिक्षा देणारा, दोघंही एकाच धर्माचे. हा प्रसंगही घेतला. नाटक लांबलं, प्रेक्षकांतली लहान मुलं कंटाळली, पण मला ते बरोबर वाटतं.

आणि पीटर. चौघांपैकी तो काझीकडे गेलाच नव्हता, सामान राखायला घरी थांबला होता. त्याला नंतर शोधून मारलं. ही भूमिका कोणालाच नको होती, कारण संवाद नाहीत. जो मुलगा तयार झाला तो आमच्याकडे कायम खुर्च्या मांडायचा. युथ म्हणजे मंचावर दिसणारी पाच-सहा मुलं असं मी धरून चालले होते. त्या नाटकानंतर सामान राखणारे कोण आहेत हे आधी पाहायची सवय लागली.

कोपरखैरणे, तेव्हा बी.कॉम.

वरच्या ताईंचं वाचून माझं फारच रुक्ष वाटेल. मी खजिनदार होतो.

शिबिराची वर्गणी ही तरुण संघातली सर्वांत नाजूक गोष्ट आहे. कर्जत-लोणावळ्याकडे दोन रात्रींचं शिबिर म्हटलं तरी बस, जेवण, हॉल धरून रक्कम होते. नाक्यावर रोजंदारी करणाऱ्याच्या मुलाला ती जमत नाही आणि तो तसं कधीच सांगत नाही. तो सांगतो, "त्या दिवशी मामाकडे जायचंय." आधीच्या खजिनदार दादाची पद्धत मी तशीच चालवली: प्रत्येकाला कोरं पाकीट, त्यावर नाव नाही, जमेल तेवढं घालून पेटीत टाका. यादीत फक्त "येणार" अशी खूण. कमी पडेल ते मंडळीतली दोन-तीन घरं भरायची. आश्चर्य म्हणजे काही पाकिटांत ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त निघायचं.

ऑनलाइन पैसे पाठवायची सोय आल्यावर हे मोडलं. आता कोणी किती पाठवले ते गटावर स्क्रीनशॉटसकट दिसतं. सध्याच्या मुलांना माझा सल्ला: पेटी परत आणा. आणि चहाच्या पैशांचीही पावती ठेवा. हिशेब विचारणारा माणूस तुमच्यावर संशय घेतो असं नसतं. बऱ्याचदा तोच तुम्हाला पुढे वाचवतो.

कळवा

आमचं लहानसं फेलोशिप, म्हणजे छोटी मंडळी, दुकानाच्या वरच्या खोलीत. कॅरलला सोसायट्यांत जायचो. सेक्रेटरीची परवानगी आधी घ्यायची, तोंडी नको, दोन ओळींचा अर्ज द्यायचा. वॉचमनला केक सर्वांत आधी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, म्हणून आम्ही पावणेदहालाच गुंडाळायचो. खालच्या मजल्यावर बारावीची मुलगी होती. फेब्रुवारीत तिची परीक्षा जवळ आली तेव्हा शुक्रवारची प्रार्थना आम्ही वाद्यांशिवाय घेतली. तिच्या आईने ईस्टरला शेवया पाठवल्या. बस, एवढंच.

ठिकाण सांगत नाही, तेव्हा एम.एस.डब्ल्यू.

हे सगळ्यांनी वाचावं असं वाटतं.

तुम्ही वीस-एकवीस वर्षांचे असता आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलं तुम्हाला दादा-ताई म्हणतात. ती तुम्हाला जे सांगतात ते आईवडिलांना सांगत नाहीत. सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते: "आधी शप्पथ घ्या, कोणाला सांगणार नाही." ही शपथ घेऊ नका. मला हे माझ्या कॉलेजातल्या मॅडमनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं आणि त्याचा उपयोग झाला. मी म्हणायचे, "जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला इजा करत असेल, तर मी मोठ्यांना सांगणार. बाकी माझ्याजवळ राहील." काही मुलं तिथेच थांबायची. बरीचशी तरीही सांगायची.

अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. "चर्चची अब्रू" हे कारण कायद्यात नाही, आणि माझ्या मते शुभवर्तमानातही नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस, १४४१६, दिवसरात्र आणि मोफत. हे दोन्ही क्रमांक मी संडे स्कूलच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते. एका ज्येष्ठांनी पुसले, मी पुन्हा लिहिले, असं काही आठवडे चाललं. नंतर त्यांनीच कायमच्या रंगाने लिहून घेतले. मध्ये काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

प्रार्थना करायचीच. पण रात्र रात्र झोप नसलेल्या, जेवण सुटलेल्या मुलाला "विश्वास कमी पडतोय" असं म्हणणाऱ्या लोकांपासून त्याला लांब ठेवणं हीही सेवाच आहे.

घणसोली, तेव्हा नर्सिंगला

ठाणे–वाशी लोकल २००४ ला सुरू झाली, त्यामुळे आम्हा मुलींना दोन्हीकडच्या सभांना जाता यायला लागलं. पण सभा संध्याकाळी सातला. संपेपर्यंत साडेआठ, मग फोटो, मग रेंगाळणं. मुली दिसेनाशा झाल्या की वडीलधारे म्हणायचे, "मुलींना आत्मिक गोष्टींची आवड राहिली नाही." सभा रविवारच्या उपासनेनंतर लगेच घेतली आणि आवड परत आली!

वाशी

सगळे गोड लिहितायत म्हणून कडू लिहितो. मी दोन वर्षांनी तरुण संघ सोडला. खुर्च्या उचलायच्या असल्या की आम्ही "मंडळीचं भविष्य", आणि कमिटीत प्रश्न विचारला की "अजून लहान आहेस". रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत राबायचं, सोमवारी वर्गात झोपायचं. बायबलमध्ये प्रेषित पौलाने तीमथ्य या तरुण सहकाऱ्याला लिहिलं की तुझ्या तारुण्याला कोणी तुच्छ लेखू नये. ते वचन आम्हाला पाठ होतं, मंडळीच्या वडीलधाऱ्यांना नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या वचनाचा उत्तरार्ध आम्हालाही फारसा नको असायचा. बोलणं, वागणं, प्रेम, विश्वास, शुद्धता, या सगळ्यांत कित्ता हो असं पौल पुढे म्हणतो. मी आता दुसऱ्या चर्चमध्ये जातो, मागच्या बाकावर बसतो. प्रभू सोडलेला नाही. संघात परत जायची इच्छा नाही.

(धागाकर्ता: लिहिलंत ते बरं झालं. "परत या" असं कोणी प्रतिसादात लिहू नये ही विनंती.)

कासारवडवली, तेव्हा बी.एस्सी.

आमच्या बॅडमिंटनला शेजारची सगळीच मुलं यायची, हिंदूही. कॉलेजातला मित्र चेष्टेत म्हणायचा, "एका शटलकॉकबरोबर बायबल फ्री का?" चेष्टाच, पण हवा कशी आहे ते कळायचं. म्हणून नियम साधे ठेवले. अठराच्या आतलं कोणीही आईवडिलांच्या लेखी परवानगीशिवाय शिबिराला नाही. खेळाच्या वेळी फक्त खेळ. प्रार्थना सभा आहे तर तिला प्रार्थना सभाच म्हणायचं, "व्यक्तिमत्त्व विकास" म्हणायचं नाही. एका मुलाचे वडील पहिल्यांदा चौकशीला आले ते तावातावाने. नियम वाचून दाखवल्यावर रॅकेट मागून घेतली. चांगलं खेळायचे.

नेरुळ

बायबलच्या निर्गम पुस्तकात इथ्रो जावयाला म्हणजे मोशेला सांगतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलास तर तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. संघात यावर मी संदेश दिला होता आणि किल्ल्या मात्र माझ्याच खिशात होत्या, असं आईने जेवताना सुनावलं. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट आलं तेव्हा किल्ल्या, वही, गटाचं अ‍ॅडमिनपद, तिन्ही तीन वेगवेगळ्या मुलांना दिलं. तिघांचं आपसात पटत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला तिघांनी बसून बोलणं भाग पडलं.

त्यांनी शुक्रवारची सभा शनिवारी नेली. मी सुरू केलेली भित्तिपत्रिका बंद केली आणि फुटबॉल सुरू केला. मला अजिबात आवडलं नाही. मला कोणी विचारलंही नाही. फक्त बॉलला पैसे मागितले, ते दिले.